सरकारांची पहिली आंघोळ

मित्रांनो, मी एक मासा आहे आणि माझ्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण येणारा-जाणारा पहिला प्रश्न तोच विचारतो, "ह्याला कुठं आपटलं व्हय?" मी कुठंही आपटलेलो नाही. ते टेंगूळ ही माझी शान आहे. आमच्यात ज्याचं टेंगूळ मोठं तो देखणा समजला जातो. मी किती देखणा आहे हे माझ्याच तोंडून सांगणं बरं दिसत नाही, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

आमच्या गोताला सिक्लिड म्हणतात. फार मोठं गोत आहे हे, देशोदेशीच्या तळ्यांत आणि नद्यांत पसरलेलं. त्यातल्याच काही जाती एकत्र करून माणसांनी मला घडवलं आणि नाव दिलं फ्लॉवरहॉर्न. त्यामुळं मला कुठलं गाव नाही की नदी नाही, माझा जन्मच मुळी सिमेंटच्या हौदातला. पण सिक्लिड म्हटला की हुशारी आणि तापटपणा अंगात असायचाच, आणि मला दोन्ही भरपूर मिळाले. त्यातलं जास्त काय मिळालं, हे पुढं तुम्हीच ठरवा.

बोटाएवढा असताना मी बारामतीच्या एका दुकानात आलो. तिथं काचेच्या पेट्यांची उतरंड होती. माझी पेटी सगळ्यांत खाली होती, त्यामुळं मला गिऱ्हाइकांच्या चपलांखेरीज काही दिसायचं नाही. एक दिवस पाठीला कॉलेजची बॅग लावलेली एक मुलगी खाली वाकली. ती रेश्मा. पिंपळीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मैत्रिणीला सोबत म्हणून आली होती, तिला स्वतःला मासा घ्यायचा नव्हता. सहज म्हणून तिनं काचेवर बोट टेकवलं. बोट दिसलं की बाकीचे मासे पळतात. मी सरळ बोटावर चालून गेलो. तिनं बोट डावीकडं नेलं, मी डावीकडं. तिनं उजवीकडं नेलं, मीही उजवीकडं. "अगं बया, हा तर भांडतोय माझ्याशी," ती म्हणाली आणि तिथंच बसून हसत सुटली. त्या दिवशी पाण्यानं भरलेल्या पिशवीत बसून, तिच्या स्कूटीच्या हुकाला लटकून, मी पिंपळीला गेलो.

तिनं माझं नाव ठेवलं सरकार. का, तर मी कुणाचं ऐकत नाही आणि सगळ्यांनी माझं ऐकावं असा माझा आग्रह असतो. पिंपळीत माझी वर्षं मजेत गेली. मी ताटाएवढा झालो. रेश्मा हात पाण्यात घालायची आणि मी तिच्या तळहातावर येऊन अंग टेकायचो, मांजर टेकतं तसा. तिचा पायरव मला ओळखू यायचा. तिनं तळाशी गोटे छान मांडले की मी ते तोंडानं उचलून दुसरीकडं न्यायचो, कारण माझ्या घरातलं सामान कुठं असावं हे मी ठरवतो. ती अभ्यास करायची तेव्हा मी काचेला नाक लावून बसायचो. तिला वाटायचं, मी तिला सोबत करतोय. खरं म्हणजे मी पुस्तकावर चिडलेलो असायचो, कारण ती माझ्याऐवजी त्याच्याकडं बघायची.

मग रेश्माचं लग्न ठरलं, इंदापूर तालुक्यातल्या सणसरच्या संदेशशी. ऊसवाल्यांचं घर होतं. मला सोडून जायचं की घेऊन जायचं, यावर घरात बरीच खलबतं झाली आणि शेवटी रेश्मानं एक युक्ती काढली. तिनं मला रुखवतात मांडलं. मित्रांनो, कार्यालयातल्या त्या टेबलावर एका बाजूला साखरेची बाहुली, दुसऱ्या बाजूला मोत्यांनी मढवलेले नारळ, आणि मधोमध मी. बायकांची ही झुंबड उडाली. "खरा हाय का पलास्टिकचा?" असं म्हणत एका आजीबाईंनी काचेवर टिचकी मारली. मी कल्ले फुगवून असा काही अंगावर गेलो की आजीबाई शेजारणीच्या गळ्यात पडल्या. त्या दिवशी नवरा-नवरीपेक्षा माझेच फोटो जास्त निघाले.

रुखवतात मांडलेलं सासरी जातंच, तसा मीही गेलो. पण तिथं उंबऱ्यातच अडचण उभी राहिली. रेश्माचे सासरे हिंदुराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आमी माळकरी मानसं. घरात मासळीचा वास नको म्हून ती खाणाऱ्या मेव्हण्याला बी अंगणात जेवाय बसवतो. आन् सून जित्ता मासाच घिऊन आली." त्यांनी जरा दम घेतला. नवी सून समोर उभी होती, त्यामुळं आवाज चढवता येत नव्हता. "दिवाळसणाला म्हायेरी जाशील तवा ह्याला घिऊन जा, आन् तितंच ठिवून ये. तवर ऱ्हाऊ दे पडवीत."

"बरं, आबा," रेश्मा म्हणाली. एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं माझ्या पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही. त्या घरात तिच्या ओळखीचं असं मी एकटाच होतो, आणि माझा मुक्काम दिवाळीपर्यंतच होता.

आता त्या घरच्या पाण्याची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी खारट आणि जड. भांडी घासून पालथी घातली की वर पांढरे डाग, साबण चोळून चोळून हात दुखले तरी फेस नाही. म्हणून प्यायला फिल्टरच्या पाण्याचा निळा जार यायचा. घरचे तो बेतानं वापरायचे, पण पाहुणा आला की त्याला जारचंच पाणी. बोअरचं पाणी पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. रेश्मा मात्र माझ्या पेटीत बोअरचंच पाणी घालायची. दर रविवारी थोडं जुनं काढायची, थोडं ताजं घालायची. ते पाणी पहिल्यांदा अंगाला लागलं तेव्हा मला जे सुख झालं ते काय सांगू! आमच्या जातीला असलंच जड पाणी मानवतं. ज्या पाण्याला अख्खं घर नावं ठेवत होतं, त्यात माझा रंग असा खुलला की मी लालभडक दिसायला लागलो. रेश्माला हे ठाऊक होतं. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. नवी सून किती बोलणार?

पडवीत ठेवून आबांनी मला लांब ठेवलं असं त्यांना वाटलं असेल. पण पडवीत बसून पेपर वाचायची सवय त्यांचीच. म्हणजे दिवसातला निम्मा वेळ आमची गाठ पडायचीच. पहिल्याच सकाळी ते वाकून बघायला लागले आणि मला त्यांची टोपी दिसली. मित्रांनो, ती पांढरी टोपी बघून माझं डोकंच फिरलं. माझ्या हद्दीत हा कोण पांढऱ्या तुऱ्याचा? मी कल्ले फुगवले, शेपटी आपटली, काचेला धडक दिली. आबा दचकून मागं सरले. मग हळूच त्यांनी टोपी काढली. मी शांत. त्यांनी टोपी घातली. मी पुन्हा धडक. "च्या मायला," आबा पुटपुटले आणि इकडंतिकडं बघून, कुणी नाही अशी खात्री करून, हा खेळ त्यांनी आणखी दोनचार वेळा केला.

त्यानंतर आबा माझ्यापुढं यायचे ते टोपी काढूनच. गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? लोक चेष्टा करायला लागले, "आबा टोपी काढत्यात ती देवापुढं, न्हाय तर सरकारापुढं."

आबांच्या कारभारीण जयवंताबाई, म्हणजे रेश्माच्या सासूबाई. त्यांना लहान-मोठी सगळीच काकू म्हणतात, रेश्मासुद्धा. काकूंना व्यवस्थितपणाचं भारी वेड. मी पसरलेले गोटे त्या रोज सकाळी एका बाजूला नीट रचून ठेवायच्या आणि त्यांनी पाठ फिरवली की मी ते पुन्हा पसरायचो. "आसला आडमुठा जीव मी जन्मात बघितला न्हाय," त्या म्हणायच्या. पण गोटे रचायचं काही त्यांनी सोडलं नाही. एक दिवस त्यांना बरं नव्हतं म्हणून त्या आल्या नाहीत, तर मला करमेना. मी स्वतःच गोटे एका जागी गोळा केले आणि मग ते पसरले.

माझ्या खाण्याचा डबा उघडला की घाणेरडा वास यायचा, कारण त्यात सुकवलेली कोळंबी. आबांनी तो डबा गोठ्यातल्या फळीवर हलवला होता. मग एकदा रेश्मानं मला उकडलेले मटार दिले आणि मी ते गपागप खाल्ले. आबांचा चेहरा काय फुलला! त्या दिवसापासून मटार सोलून, मऊ उकडून, आबा स्वतः मला भरवायला लागले. भजनाला येणाऱ्या मंडळींना ते अभिमानानं सांगायचे, "आमचा मासा शाकाहारी हाय. मटार खातोय." मी मटार खायचो हे खरं. त्याआधी गोठ्यातल्या डब्यातली कोळंबीही खाल्लेली असायची, पण कुणाच्या आनंदात आपण कशाला माती कालवायची?

असे पाच-सहा महिने गेले. दिवाळी जवळ आली. पडवीत आकाशकंदील लागला, काकूंच्या करंज्या झाल्या, आणि माझा मुक्काम संपत आला. रेश्मानं पिंपळीला न्यायची बादली धुऊन ठेवली होती. धनत्रयोदशीला रेश्मा आणि संदेश दिवाळसणाला निघाले. रेश्मा बादली घेऊन माझ्यापाशी आली, तेवढ्यात आबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ह्या खेपेला ऱ्हाऊ दे त्याला. सणासुदीचं कुठं हेलपाटत न्हेतीस. संक्रांतीला बघू." आणि लगेच पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता.

रेश्मा जाताना मला म्हणाली, "नीट वाग." हे मला कशाला सांगायचं? सांगायचं होतं ते आबांना.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे सगळ्या गावाची पहिली आंघोळ. आबांचं उटणं लावून, सुवासिक तेल चोळून झालं. नवे कपडे घालून ते पडवीत आले, माझ्याकडं बघितलं आणि हळहळले. "आगं, सगळ्या घराच्या आंगोळ्या झाल्या, आन् हा तेवढा पारोसाच."

काकू म्हणाल्या, "तो तर जलमभर आंगोळच करतोय की."

"तसं न्हवं. शिळ्या पाण्यात बसलाय. सणाचा दिवस हाय."

मित्रांनो, माझी पहिली आंघोळ अशी ठरली. आबांनी मला बादलीत काढलं. पेटीतलं पाणी ओतून टाकलं, एक थेंबही ठेवला नाही. काच नारळाच्या काथ्यानं अशी घासली की चकाकायला लागली. मग भरायला बोअरच्या नळाकडं निघाले आणि मधेच थांबले. सणाचा दिवस, आणि याला हे खारं पाणी घालायचं? त्यांनी घरातले होते नव्हते तेवढे जार आणले, शेजारून एक मागून आणला, आणि माझी पेटी फिल्टरच्या पाण्यानं काठोकाठ भरली. पेटीच्या कडेला दोन झेंडूची फुलं ठेवली. काकूंनी मला ओवाळलंसुद्धा. त्या घरात यापेक्षा मोठा मान कुणाला मिळाला नसेल.

आणि मला श्वास घेता येईना. ते पाणी स्वच्छ होतं, गोड होतं, पण त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. अंगातलं सगळं सत्त्व कुणीतरी ओढून घेतंय असं वाटायला लागलं. दुपारपर्यंत माझा लाल रंग उतरून मी राखेसारखा झालो. टेंगूळ बसलं. पोहायचे पर अंगाला चिकटले. आबा मटार घेऊन आले, मी तोंड उघडलं नाही. त्यांनी मला चेतवायला मुद्दाम टोपी घातली आणि काचेपुढं उभे राहिले. मी हललोही नाही. टोपी तशीच डोक्यावर ठेवून ते खुर्चीत मटकन बसले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी तळाशी कुशीवर पडलो होतो. काकू म्हणाल्या, "पोरीला फोन करा."

"सणात कशाला तिच्या जिवाला घोर? आन् काय सांगू तिला? तुझा मासा संबाळाय ठिवला हुता, तो मी…" थोड्या वेळानं त्यांनी आपणच फोन उचलला. "पोरी, सरकारनं खाणं सोडलंय. मी त्याला काय वंगाळ केलं न्हाय गं. पाणी बी चांगलं घातलं, जारचं. पावन्याला देतो तेच."

पलीकडून रेश्मा बोलली. ती रागावली नव्हती. "आबा, त्याला आपल्या बोअरचंच पाणी लागतं. ते जड पाणीच त्याला मानवतं. पण एकदम घालू नका, सोसणार नाही. आधी थोडं जारचं काढा. मग तांब्या-तांब्यानं बोअरचं घाला. मधे थांबत जावा."

"ते खारं पाणी?"

"व्हय, आबा. तेच."

आबा तांब्या घेऊन माझ्यापाशी बसले. गावात पूजेची धावपळ चालली होती, लोक बोलवायला येत होते. "आत्ता न्हाय," एवढंच ते सांगायचे. तांब्याभर पाणी काठानं हळूच सोडायचे, थांबायचे, माझ्याकडं टक लावून बघायचे, पुन्हा तांब्याभर. पहिल्या काही तांब्यांनी मला काही कळलं नाही. मग जिभेला ती ओळखीची खारट चव लागली, माझ्या घरच्या पाण्याची, आणि कल्ले आपोआप हलायला लागले. अंगात बळ हळूहळू परत येत होतं. दिवेलागणीला मी उठून सरळ झालो. समोर आबांची पांढरी टोपी होती. मला फार काही जमलं नाही, पण मी कल्ले थोडेसे फुगवले.

"चिडला!" आबा आत बघून ओरडले. "आगं ये, चिडला माझ्यावर!" मी चिडल्याचा इतका आनंद मी कुणाला झालेला बघितला नव्हता. त्यांनी टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले.

भाऊबीज झाल्यावर रेश्मा आणि संदेश परत आले. माझा रंग अजून पुरता आला नव्हता. रेश्मानं पाण्यात हात घातला, मी तिच्या तळहातावर अंग टेकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण मग ती उठली आणि बादली घेऊन आली. आबा पायरीवर बसले होते.

"आबा, मी याला उद्या पिंपळीला पोचवते. तुमचं ठरलंच होतं. तुमाला उगाच तरास झाला."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी काचेला नाक लावून बसलो होतो. माझं सगळं आयुष्य त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"तरास न्हाय झाला," आबा म्हणाले. "भ्या वाटलं. मी माझ्या मतानं त्याला लई चांगलं दिलं, आन् त्याला तेच सोसलं न्हाय. त्याला काय लागतंय ते मी इचारलंच न्हाय कुणाला. ठिव ती बादली. कुठं जायचा न्हाय तो." मग त्यांनी मान वर केली. "आन् पोरी, तुला बी आमी कधी इचारलं न्हाय. आलीस तवापास्नं आमीच ठरवतोय. तुला हितलं मानवलं का?"

रेश्मा बादली हातात धरून तशीच उभी राहिली. तिला रडू येतंय की हसू, हे मला सांगता येईना. मग ती हसलीच.

"सगळं मानवलं, आबा. फकस्त… चहा लई ग्वाड असतो."

त्या घरी कारखान्याकडून ऊसवाल्या सभासदांना मिळणारी साखर पोत्यानं येते आणि चहात चमचा नव्हे, मूठ पडते. आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आगं, मग सा म्हैनं गप का पीत बसलीस?"

"तुमी मायेनं देत होता."

काकूंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन नवं आधण ठेवलं. थोड्या वेळानं रेश्मा पायरीवर आबांशेजारी कप घेऊन बसली. तिनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला त्या घोटाची चव कळली, मित्रांनो. बोअरचं पाणी जिभेला लागलं तेव्हा मला अगदी तसंच झालं होतं.

मी आता सणसरचाच झालो आहे. रंग पुन्हा लालभडक आहे, टेंगूळ पहिल्याहून मोठं आहे, आणि काकूंचे गोटे मी रोज पसरतो. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्याला घरी आणणार असाल, तर त्याला काय मानवतं ते आधी शिकून घ्या, मग लाड करा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्हालाच शोधावं लागेल. आणि ज्यांना बोलता येतं ती माणसं लाजतात, म्हणून त्यांना दोनदा विचारा.